पवनाकाठचे पाच स्टार

मागच्या मे महिन्यात पवना धरणाकाठी तंबूत राहायला गेलो होतो. मी, नवरा, आठवीतली लेक आणि गुडघ्यांनी कावलेल्या सासूबाई. रेटिंग ४.८, फोटोत तंबूच्या दाराशी पाणी आणि मागे तुंगचा सुळका. पोचलो तर दारापासून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळाचं मैदान! मी तणतणायला लागले. पण हे धरण आमच्या पिंपरी-चिंचवडलाच पाणी पाजतं. पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात उतरत जातं. म्हणजे ते तळं आम्हीच चिंचवडला बसून नळानं पिऊन टाकलं होतं, तक्रार कुणाकडे करणार?

तेव्हापासून मी रिव्ह्यू महिना बघून वाचते. तारीख गूगल सरळ देत नाही, 'सात महिन्यांपूर्वी' म्हणतं. मग बोटं मोजायची. ऑक्टोबरचं कौतुक मेमध्ये काय कामाचं?

रात्री डीजे साडेबारापर्यंत चालला. दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे, हे तिथे सांगणार कुणाला? सासूबाई कानात कापूस घालून जप करत बसल्या. मी मोबाइलवर तेच रिव्ह्यू पुन्हा वाचले. 'फुल्ल एन्जॉय', 'वाइब एकदम भारी'. कुणी खोटं लिहिलं नव्हतं हो. पंचविशीतल्या दहा मित्रांचे ते पाच स्टार होते, ते मी सासूबाईंसाठी वापरले.

खरा खुलासा सकाळी झाला. पोह्यांच्या प्लेटा वाटणारा पोरगा क्यूआर कोड घेऊन समोर उभा. "ताई, माझं नाव टाकून पाच स्टार द्या ना." वीस-बावीसचं पोर, रात्रभर राबून डोळे लाल झालेले. मी दिले. रात्रभर शिव्या घालून सकाळी पाच स्टार! घरी आल्यावर पाहिलं तर अख्ख्या यादीत 'अमुकदादाने छान सर्व्हिस दिली' एवढंच. सगळे माझ्यासारखेच पोह्यांना आणि डोळ्यांना भुललेले. त्यामुळे वाढप्याचं नाव असलेला दोन ओळींचा रिव्ह्यू मी आता मोजतच नाही. (माझा नंतर काढून टाकला. जरा अपराधी वाटलं.)

जानेवारीत पुन्हा पवनाकाठी, पण दुसऱ्या जागी जायचं ठरलं, तेव्हा मी रिव्ह्यूंचा क्रम आधी 'सर्वांत कमी' लावून एक-स्टारवाले वाचले. एकानं चिडून लिहिलं होतं, 'दहाला म्युझिक बंद केलं, पैसे वाया.' मी तिथेच फोन लावला. पण त्याआधी तीन-स्टारवाल्यांकडे गेले, कारण माझा सगळ्यात जास्त भरवसा त्यांच्यावर. हे लोक बहुधा कुणाचे तरी काका असतात. 'पोहे गार होते, बाथरूम स्वच्छ, रस्ता शेवटी कच्चा, गाडी खाली घासते.' असल्या माणसाला दंडवत. शिवाय रिव्ह्यूंमध्ये 'कमोड' शब्द शोधला आणि पाहुण्यांनी काढलेल्या फोटोंत मागचे तंबू मोजले. मालकाच्या फोटोत तंबू नेहमी एकच असतो.

जागा चांगली निघाली. पहाटे धुकं, समोर तिकोना, आणि सासूबाई खुर्ची पाण्याकडे वळवून तासभर गप्प. हे आमच्या घरात क्वचित घडतं.

परत येऊन लिहिलं: 'जानेवारी, शनिवार मुक्काम. वीस-बावीस तंबू, चार बाथरूम, कमोड एकातच. म्युझिक खरंच दहाला बंद. पहाटे गारठा फार, दिलेलं ब्लँकेट पुरत नाही, गोधडी न्या. कच्चा रस्ता जेमतेम पाच मिनिटांचा. चार स्टार.'

अर्ध्या तासात मालकाचं उत्तर आलं: 'धन्यवाद मॅडम, पण एक स्टार का कापला?'

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "लिही, चहात साखर फार."