वालपराईची दोन कबुतरं

पहिल्या संध्याकाळी वहीत मी ठसठशीत लिहिलं होतं : 'निलगिरी वुड पिजन – ७'. दुसऱ्या दिवशी त्यातले पाच खोडावे लागले.

वालपराई तमिळनाडूत, अनमलाईच्या डोंगरात. रेल्वेनं कोइम्बतूर, तिथून पोल्लाची, मग आळियारपासून ४० हेअरपिन वळणं. गाडी लागत असेल त्यानं पोटभर नाश्ता करून चढू नये. ई-पास लागतो का, तेवढं निघण्याआधी बघा.

चूक अशी झाली, की निलगिरी वुड पिजन आणि माउंटन इम्पीरियल पिजन, दोन्ही पक्षी आम्ही खालून पाहत होतो. खालून दोन्ही करडेच. इम्पीरियल जरा मोठं असतं, पण पन्नास-साठ फुटांवरच्या शेंड्याला 'जरा मोठं' म्हणजे काय, हे मान मोडल्यावरच कळतं. मावसभाऊ म्हणाला, "दादा, रंग सोड, शेपूट बघ." इम्पीरियलच्या गडद शेपटीला टोकाशी फिकट रुंद पट्टा असतो. वुड पिजनची शेपटी सरसकट काळपट. वुड पिजन बाजूनं दिसलंच, तर मानेवरचा काळा-पांढरा बुद्धिबळाचा पट चुकणारच नाही.

वावरही वेगळा. इम्पीरियल सकाळी दरी ओलांडत उंचावरून जातं आणि उघड्या शेंड्यावर बसतं. वुड पिजन दाट पानांत गुपचूप खातं, गळलेल्या फळांसाठी खालीही उतरतं. बहुतेक वेळा आपल्याला मिळतो तो फक्त पंखांचा फडफडाट. महाबळेश्वरला माझ्या वाट्याला तेवढंच आलं होतं. हा पक्षी फक्त पश्चिम घाटातला. १८३२ साली निसर्ग-अभ्यासक साइक्सनं त्याच्या शास्त्रीय नावात मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन गुंफले. इम्पीरियलचे भाईबंद मात्र हिमालयापासून जावापर्यंत पसरलेत.

पक्ष्यामागे धावू नका, फळाला आलेलं झाड शोधा. उंबर-वडाच्या जातीचं, जंगली जांभळाचं, दालचिनीच्या कुळातलं. रानजायफळ सापडलं तर तिथेच ठाण मांडा. इम्पीरियलचा जबडा इतका ताणतो, की जायफळाएवढं बीही ते अख्खं गिळतं.

चहाचे मळे खासगी आहेत, परवानगीशिवाय आत शिरू नका. रस्त्यावरूनच पुष्कळ दिसतं. अंधार पडायच्या आत मुक्कामी परता, हत्ती असतात. पावसाळ्यात जळवांसाठी लांब मोजे हवेतच. आणि दुर्बीण घेऊन उभं राहण्यापेक्षा पाठीवर आडवं पडावं, मान वाचते.

शेवटच्या सकाळची नोंद : वुड पिजन २, इम्पीरियल ११, 'नक्की नाही' ४.