बडवाहचं आमचं हॉटेल आणि मागच्या दारचे कप

माझा चुलतभाऊ इंदुरात रेस्टॉरंट काढतोय आणि त्याला बोर्डावर '१९३० पासून' असं लिहायचंय, कारण आमच्या पणजोबांचं बडवाहला, म्हणजे इंदूर-खंडवा रेल्वेवरच्या नर्मदेजवळच्या गावी, त्या सुमारास हॉटेल होतं. मेनू कार्डाच्या मागे त्या हॉटेलची गोष्ट छापायची, ती तू लिही, असं तो म्हणाला. म्हणून दोन रविवार रामबागेत आत्याकडे जाऊन बसलो. आत्याचं लहानपण सगळं त्या हॉटेलात गेलंय.

हॉटेल म्हणजे आपल्या अर्थानं, चहा-फराळाचं. पण माडीवर दोन खोल्याही होत्या, कापसाचे व्यापारी, कचेरीच्या कामाला आलेले लोक, गाडी चुकलेले प्रवासी, यांना तिथे सतरंजी, उशी आणि पाण्याचा तांब्या मिळायचा. आत्या म्हणते आपलं सुरू झालं तेव्हा गावात धर्मशाळा होती, पण पैसे देऊन जेवायचं आणि झोपायचं असं ठिकाण नव्हतं.

हे हॉटेल झालं ते रेल्वेमुळे. आपल्या इंदूरकरांना याचा अभिमान असतोच, मलाही आहे, की दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला या खंडवा-इंदूर लाइनीसाठी १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजानं आणि १०१ वर्षांच्या मुदतीनं. १८७४ मध्ये खंडवा ते सनावद गाडी सुरू झाली, १८७६ मध्ये मोरटक्क्याला नर्मदेवरचा पूल झाला, आणि मग बडवाहवरून बलवाडा, चोरल, कालाकुंड, पातालपाणी असा घाट चढून लाइन महू-इंदूरला आली. त्याआधी लोक पायी नाहीतर बैलगाडीनं जायचे, शिधा बरोबर असायचा, धर्मशाळेत तीन दगड मांडून आपलं आपण शिजवायचं, कारण दुसऱ्याच्या हातचं खाल्लं की बाटलो ही भीती. रेल्वेत ते जमेना. गाडी थोडाच वेळ थांबते, चूल कुठे मांडणार? मग भीती तशीच राहिली आणि तिच्यावर तोडगा म्हणून पाट्या आल्या. आमच्या पाटीवर हॉटेलला नावच नव्हतं, नुसतं 'ब्राह्मणाचे हिंदू हॉटेल' एवढंच. गिऱ्हाइकाला तेवढंच बघायचं असायचं.

आत पणजी रांधायची. ज्वारीची भाकरी, वरणभात, अंबाडीची भाजी वर लसणाची फोडणी, सकाळी पोहे. बरण्यांमध्ये शेव आणि शंकरपाळे. उधारीची वही मोडीत होती, ती आत्याच्या ट्रंकेत अजून आहे पण घरात कोणाला मोडी वाचता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पणजी पहाटे चारला उठायची आणि गल्ल्यावर मात्र ती कधीच बसली नाही. हे मी गोष्टीत लिहिलं, भावाला आवडलं.

दुसऱ्या रविवारी आत्यानं जे सांगितलं ते त्याला आवडलं नाही.

मागच्या दाराशी भिंतीला एक फळी होती. तिच्यावर चार कप, कान तुटलेले. ते कोणाचे, तर लाइनीवरच्या गँगमनचे. रात्रभर कंदील घेऊन, पावसात, घाटातल्या दरडी बघत रुळावरून चालणारी माणसं. ती मागच्या दारी यायची, फळीवर पैसे ठेवायची, आपला कप स्वतः उतरवायची, आणि आमच्या घरचं कोणीतरी वरून चहा ओतायचं, कपाला भांडं लागू न देता. पिऊन झालं की कप धुऊन परत फळीवर. पैशांवर पाणी शिंपडून मग ते गल्ल्यात. आत्या सात-आठ वर्षांची असताना तिनंही वरून चहा ओतलाय. ती हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

मी तिथेच अडकलो. ज्या लाइनीवर आमचं हॉटेल चाललं, आमच्या आजोबांचं शिक्षण झालं, ती लाइन ज्यांनी राखली त्यांना आम्ही पुढच्या बाकड्यावर बसू दिलं नाही. आणि याच लाइनीवर, घाट चढला की महू, जिथे १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला. ते मसुदा समितीचे अध्यक्ष होते त्या संविधानाच्या १५ व्या कलमात दुकानं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे, की तिथे जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. मी ते कलम शाळेत पाठ केलं होतं. त्यातलं 'हॉटेल' म्हणजे आमचंही, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

संविधान १९५० मध्ये लागू झालं, अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा १९५५ मध्ये आला. आत्याला विचारलं, मग कप कधी काढले? म्हणाली, काढले नाहीत, हॉटेल बंद झालं तेव्हाही फळीवर होते.

आता तिथली मीटर गेज गेली, ब्रॉड गेजचं काम चालू आहे, पातालपाणी-कालाकुंड तेवढी हेरिटेज ट्रेन धावते आणि लोक कालाकुंडचा कलाकंद खात फोटो काढतात. मीही काढलेत.

भाऊ म्हणतो लोक जेवायला येणार, त्यांच्या हातात हे कशाला द्यायचं, भाकरीचं आणि पणजीचं ठेव. मी म्हटलं '१९३० पासून' लिहायचं असेल तर फळीसकट लिही, नाहीतर नुसतं रेस्टॉरंटचं नाव लिही, माझी हरकत नाही. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही. बोर्ड पेंटरकडे आहे.