दाराची मूठ

"अगं, ती मूठ बघ किती वर आहे! एवढ्या घोडीला हात उंच करावा लागतोय."

आई हे बोलली आणि माझं गोष्टीतलं लक्षच उडालं. लावला होता 'सस्पिरिया', इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोचा १९७७ सालचा भयपट. जर्मनीतल्या फ्रायबुर्गची नृत्यशाळा, तिथेच राहणाऱ्या मुली आणि शाळा चालवणाऱ्या बायका म्हणजे चेटकिणी. लालभडक भिंती, गोब्लिन या बँडचं अंगावर येणारं संगीत, छतातून पडणाऱ्या अळ्या, यातलं काहीही आईला बाधलं नाही. मूठ मात्र बरोबर दिसली. (सुगरणीची नजर, दुसरं काय!)

शोधलं तर कळलं, अर्जेंतोला मुळात बारा वर्षांच्या आतल्या मुली हव्या होत्या. एवढ्या हिंसेत लहान पोरी कशा दाखवणार? मग मोठ्या नट्या घेतल्या, पण मुठी उंचच ठेवल्या. बघताना ते सहसा लक्षात येत नाही, फक्त या मुली फार लहान, फार एकट्या वाटत राहतात.

आणि त्यातलीच एक मुलगी, सारा. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या शिक्षिकांची पावलं ऐकते. घरी जातो म्हणणाऱ्या बाया बाहेरच्या दाराकडे वळतच नाहीत! मग ती पावलं मोजायला लागते. रक्ताच्या प्रसंगांपेक्षा मला हेच जास्त झोंबलं.

हॉस्टेलवर आम्हीही दिवे मालवून पडलेल्या असायचो आणि रेक्टरबाईंच्या चपला कितव्या मजल्यावर आल्यात ते अचूक सांगायचो.

हॉस्टेलवाल्यांनो, तुम्हाला कुणाची पावलं ओळखू यायची?