प्रो स्टॉक डार्ट १/२५ : चॅसी एक, बॉनेट दोन

मंडळी, डॉज डार्ट ड्रॅग रेसकारच्या १/२५ स्केल मॉडेलचं काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय. रोलकेज पूर्ण, चॅसीला सेमी-ग्लॉस काळा मारून ठेवलाय, मागचे स्लिक (नक्षी नसलेले रुंद रेसिंग टायर) बसवून बघितले, स्टान्स एकदम मस्त दिसतोय. बॉडी रेझिनमधे प्रिंट करून घेतलेली आहे, तिला प्रायमरचा हात मारला तर डाव्या दाराखाली बारीक बारीक पिनहोल निघाले, ते पुट्टीने भरायचेत, पण ते काय, एका संध्याकाळचं काम. खरं घोडं अडलंय ते बॉनेटपाशी. गाडी २०१५ ची करायची का २०१६ ची, हेच ठरत नव्हतं. म्हणून शेवटी दोन्ही बॉनेट करतोय, खालून छोटे मॅग्नेट लावून, म्हणजे मूड असेल तसं बदलता येईल. डॉज डार्ट दोन्ही वर्षं एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) प्रो स्टॉक या क्लासमधे पळाली, त्यामुळे हा खेळ हिच्यावर जमतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. २०१५ पर्यंत या गाड्यांच्या बॉनेटवर हवा आत घेणारा तो भलामोठा स्कूप असायचा, त्याच्याखाली टनेल रॅम मॅनिफोल्ड (इंजिनात हवा वाटून देणारा उंच भाग) आणि त्यावर दोन होली डॉमिनेटर कार्ब्युरेटर. इंजिन ५०० क्युबिक इंच, म्हणजे साधारण ८.२ लिटर, पेट्रोलवर, ना टर्बो ना नायट्रस, आणि ११,००० च्या आसपास आरपीएम घ्यायचं. २०१६ च्या सीझनपासून एनएचआरएने सांगितलं की कार्ब्युरेटर बंद, इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन लावा, स्कूप काढा, आरपीएमला १०,५०० वर लिमिटर लावा, व्हीली बार (नाक फार वर उचललं जाऊ नये म्हणून मागे लावलेला दांडा) आखूड करा, आणि पिटमधे गाडी उलटी लावा म्हणजे इंजिन पब्लिकच्या बाजूला येईल. हे सगळं एकदम, आणि जाहीर कधी केलं तर आदल्या वर्षी सीझन अर्ध्यावर असताना!

आता स्कूप. मी स्टायरीन शीटचे थर एकावर एक चिकटवून आधी ठोकळा केला, तो रात्रभर वाळू दिला, मग चाकूने आणि फाइलने कोरत गेलो, शेवटी ४०० आणि ८०० चा ओला सँडपेपर. यात एक गोष्ट बरेच जण सोडून देतात ती म्हणजे स्कूपचं तोंड बॉनेटला टेकलेलं नसतं, ते वर उचललेलं असतं आणि खाली फट दिसते. कारण बॉनेटला घासून जाणारी हवा मंदावलेली आणि गढूळ असते, इंजिनला हवी असते ती वरची स्वच्छ, जोरात येणारी हवा. ती फट दाखवली नाही तर स्कूप म्हणजे बॉनेटला आलेलं टेंगूळ वाटतं. मी मागच्या बाजूने उतार देत गेलो आणि पुढची कड इतकी पातळ केली की उजेडात धरली तर पांढरं प्लास्टिक पारदर्शक दिसायला लागलं. तिथेच थांबलो, अजून घासलं असतं तर गेलीच असती.

२०१६ चं बॉनेट दिसायला सोपं, सपाट पत्रा, पण ते फसवं आहे. स्कूप गेला म्हणजे हवा समोरून घ्यावी लागली, थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) पुढे तोंड करून बसल्या आणि हवा ग्रिलमधून आत यायला लागली. म्हणजे मॉडेलमधे ग्रिल खरंच कापून उघडी करायला लागते आणि मॅनिफोल्डसुद्धा वेगळा बनवावा लागतो. त्यामुळे बॉनेटबरोबर मॅनिफोल्डही दोन, आणि नाकाचा तुकडाही बदलता ठेवतोय. वाढता वाढता वाढे.

बाकी पिटमधे गाडी उलटी लावायच्या नियमाने आपल्यासारख्यांचं भलंच केलं. आधी टीमवाले मॅनिफोल्डवर टॉवेल टाकून, पाठ करून उभे राहायचे, कुणाला काही दिसू नये म्हणून. २०१६ नंतरचे इंजिनचे फोटो ढिगाने मिळतात, २०१५ च्या कार्ब्युरेटर सेटअपचे नीट फोटो शोधताना मात्र डोळे दुखतात.

आता भांडणाचं बोलू, कारण मागच्या अपडेटनंतर दोन-तीन जणांनी मला २०१६ च्या नियमांचा समर्थक ठरवलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की लिमिटर हा त्यातला सगळ्यात शहाणा नियम होता आणि शिव्या सगळ्यात जास्त त्यालाच बसल्या. या इंजिनात पैसा जळतो तो वरच्या आरपीएमला, व्हॉल्व्ह स्प्रिंग तर अशा बदलतात जशा आपण घरी चहाची गाळणी झटकतो. प्रत्येक शे-दोनशे आरपीएम वर जायचं तर अजून हलके पार्ट, अजून कडक स्प्रिंग, डायनोवर (इंजिनची ताकद मोजायचं यंत्र) अजून चाचण्या. कुठेतरी भिंत घालायला हवीच होती. आणि ड्रायव्हरचं काम त्याने कमी नाही झालं, उलट वाढलं, कारण पाच गिअर, प्रत्येक शिफ्टला जरा उशीर झाला की लिमिटरला डोकं आपटतं आणि साडेसहा सेकंदांच्या रनमधे ते भरून काढायला जागाच नसते.

व्हीली बारचा नियम मात्र मला कधी पटला नाही. म्हणे पुढची चाकं हवेत उचलली की लोकांना मजा येईल. अहो पण कुठली टीम मुद्दाम नाक वर करून वेळ घालवेल? ते क्लच आणि सस्पेंशन असं सेट करणार की गाडी पुढे जाईल, वर नाही. आणि स्कूप काढायचं कारण काय तर गाडी शोरूममधल्या गाडीसारखी दिसावी. ट्यूब चॅसी, मागे ट्रकच्या चाकाएवढे स्लिक, मागच्या टोकाला पंख, आणि बॉनेट सपाट केलं म्हणून कोणाला ती शोरूमची वाटणार आहे का!

पण खरा घोळ झाला तो घाईत. ज्या छोट्या टीमने वर्षानुवर्षं कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड जमवले होते त्यांचं ते सगळं शेल्फवरचं भंगार झालं, इंजेक्शन नवीन घ्या, मॅनिफोल्ड नवीन बनवा, ट्यूनिंग शून्यातून शिका, आणि फेब्रुवारीत सीझनच्या पहिल्या रेसला कॅलिफोर्नियात पोमोनाला हजर व्हा. ज्यांच्याकडे स्वतःचं इंजिन शॉप आणि डायनो, ते तयार होऊन आले. २०१६ च्या सुरुवातीला ग्रेग अँडरसन आणि जेसन लाइन या एकाच टीमच्या दोघांनी बाकीच्यांना श्वास घेऊ दिला नाही, टायटलही लाइनलाच. एरिका एंडर्स २०१४ आणि २०१५ ची चॅम्पियन, ती नेमकी त्याच वर्षी डॉजकडे गेली आणि नवीन इंजिन अधिक नवीन नियम या दुहेरी माऱ्यात वर्षभर धडपडत राहिली. खर्च कमी करायचा नियम घाईत आणला की तो आधी पैसेवाल्याच्याच कामी येतो.

सांगलीचा माझा मामा टू-व्हीलर गॅरेजवाला, त्याला व्हिडिओ कॉलवर दोन्ही मॅनिफोल्ड दाखवले तर म्हणाला, "अरे हे तर आमचं बीएस-सिक्स (प्रदूषणाचे नवे नियम) झालं." एप्रिल २०२० ला तिकडे तसंच झालं, कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, कानाने ट्यून करणाऱ्याच्या हातात स्कॅनर आला. पण मामाचं पुढचं वाक्य महत्त्वाचं, की आम्हाला निदान काही वर्षं आधी माहीत होतं.

नियम बदलून क्लास सुधारतो याला इतिहासात पुरावा आहे बरं का. १९७० ला प्रो स्टॉक सुरू झाला आणि लवकरच क्रायसलरच्या हेमी इंजिनवाल्यांपुढे कोणाचं चालेना. मग छोट्या गाडीला, छोट्या इंजिनला वजनात सूट दिली, आणि १९७२ ला 'ग्रम्पी' जेनकिन्स छोटीशी शेवरोले व्हेगा घेऊन आला आणि पोमोनाला जिंकला. पण त्या वजनाच्या हिशोबावर पुढची दहा वर्षं नुसती रडारड, आज याला पौंड लावा, उद्या त्याचे काढा. १९८२ ला सगळं मोडीत काढून एकच नियम केला, ५०० क्युबिक इंच आणि २,३५० पौंड, म्हणजे १,०६६ किलोच्या आसपास, सगळ्यांना सारखं. त्यातले ५०० क्युबिक इंच अजून टिकून आहेत. साधा नियम टिकतो असं माझं मत, २०१६ वाल्यांनी पाच नियमांची भेळ केली.

पुढे २०१८ ला तर कुठल्याही बॉडीत कुठलंही मान्यताप्राप्त इंजिन टाकायची परवानगी दिली, म्हणजे फोर्ड मस्टँगच्या पोटात शेवीचं (शेवरोलेचं) इंजिन. कट्टर फॅन लोकांनी कपाळ बडवलं, पण मी म्हणतो गाड्या कमी पडत होत्या तिथे हा इलाज होता. २०१९ ला तर २४ पैकी १८ च रेसला प्रो स्टॉक ठेवला. कोणाला यात २०१६ च्या नियमांचा काही संबंध नाही असं वाटत असेल तर त्याने जरूर पटवून द्यावं, मी ऐकायला तयार आहे.

आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनकरांना अजून एक दुःख आहे. इंग्लिशटाऊनचा ड्रॅग रेसचा ट्रॅक इथून जवळच. कर्ट जॉन्सनने १९९४ ला ६.९८८ मारून प्रो स्टॉकला पहिल्यांदा सात सेकंदांच्या आत आणलं ते तिथेच, एरिकाने २०१४ ला ताशी २१५.५५ मैलाचा स्पीड मारला तोही तिथेच. २०१८ च्या जानेवारीत तिथलं ड्रॅग रेसिंगच बंद केलं. आवाजाबद्दल विचाराल तर कार्ब्युरेटरवाल्या गाड्या शिफ्टच्या आधी जरा वर किंचाळायच्या, इंजेक्शनवाल्या तिथेच कापल्यासारख्या थांबतात, फरक कळतो, पण वाईट म्हणवत नाही.

तर आता कामाचं. व्हीली बार पितळी तारेची सोल्डर करून बनवतोय, लांब आणि आखूड अशा दोन, कारण बॉनेट बदललं आणि बार तोच राहिला तर तुम्हीच मला धरणार. कार्ब्युरेटरच्या फ्युएल लाइनसाठी ०.५ मिमीची काळी वायर बारीक आहे का जाड ते सांगा, १/२५ ला मला जरा जाडच वाटतेय. आणि २०१६ च्या डार्टच्या ग्रिलमागे हवा आत नेणारा डक्ट कसा दिसतो याचा समोरून काढलेला फोटो कोणाकडे असेल तर टाका, सगळे फोटो बाजूनेच आहेत आणि त्यावरून खोली कळत नाही.