तंबूत वीज, पण नीट: आमची वाटचाल

शनिवारी संध्याकाळी तिकोना किल्ल्यावरून खाली पाहिलं तर पवना धरणाच्या काठाने दिव्यांच्या माळा लागलेल्या दिसतात. त्यातल्या काही माळांची वायर आमच्या माणसांनी ओढलेली आहे. आमची फर्म तंबू भाड्याने देत नाही, जेवण देत नाही, बुकिंगही घेत नाही. मावळ आणि भंडारदरा भागातल्या कॅम्पसाइटना वीज, दिवे, पंखे, चार्जिंग आणि रात्री शांत झोप लागेल इतपत सोय पुरवायची, एवढंच आमचं काम.

सुरुवात मांडवातून झाली. वडिलांचा मंडप आणि लाइटचा धंदा होता. लग्नसराई, गणपती, जत्रा, गावोगावचे हरिनाम सप्ताह. मी आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला आणि काही वर्षं तळेगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो. त्याच काळात पवनेच्या काठी कॅम्पिंग वाढू लागलं. पुण्या-मुंबईची पोरं आधी स्वतःचे टेंट घेऊन यायची. मग काठाला जमीन असलेल्या शेतकऱ्यांनीच तंबू विकत घेतले, आणि दिवे लावायचे म्हटल्यावर हाक मारली ती ओळखीच्या मंडपवाल्याला.

पण मांडवाची पद्धत तंबूला चालत नाही. मांडवात माणसं चपला घालून खुर्चीवर बसतात, वायर डोक्याच्या वर असते आणि कार्यक्रम उरकला की मेन बंद. तंबूत माणूस जमिनीला पाठ लावून झोपतो. पहाटे दवाने गवत ओलं असतं, लोक अनवाणी बाथरूमला जातात, आणि लाईन रात्रभर चालू. त्या वेळी आजूबाजूला जे दिसायचं त्याने पोटात गोळा यायचा. विहिरीच्या मोटरच्या पेटीतून काढलेली दोनपदरी वायर, अर्थिंगचा पत्ता नाही, जोडांना काळी टेप, एकाला एक लावलेले घरगुती एक्स्टेंशन बोर्ड, आणि शेवटचा बोर्ड तंबूच्या दारात गवतावर उताणा. पाऊस आला की त्यावर प्लास्टिकची पिशवी. कारखान्यात असं काही दिसलं असतं तर काम तिथल्या तिथे थांबलं असतं. कारखान्यातली ती शिस्त तंबूपर्यंत आणायची, हे मनाशी पक्कं करूनच मी नोकरी सोडली. वडिलांनी मंडपाच्या कमाईतून पहिलं साहित्य घेऊन दिलं.

आमची पेटी कशी असते ते जरा सविस्तर सांगतो, कारण धंदा तिच्यावर उभा आहे. मेनपासून तीनपदरी रबरी केबल निघते. चार-चार तंबूंच्या मधे एका लाकडी खांबाला, कमरेच्या उंचीवर प्लास्टिकची पेटी असते. झाकण लावलं की पावसाचे शिंतोडे आत जात नाहीत. आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती पकडणारा स्विच, आणि प्रत्येक तंबूला वेगळा २ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे आरसीसीबी सतत ताडून पाहतो. वाटेत कुठे, ओल्या वायरीतून म्हणा की माणसाच्या अंगातून म्हणा, ३० मिलिअँपिअर जमिनीत गळला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तो लाईन तोडतो. सॉकेट निळे, कारखान्यात असतात तसे, वर झडपेचं झाकण असलेले. युरोपात कॅम्पसाइटवर वीज देतात तीही याच निळ्या प्लगने. जर्मनीत राहून आलेल्या एका पाहुण्यांनी तो पाहताक्षणी ओळखला. आमच्याकडे तो आला तळेगावातून.

पेटी चांगली असली तरी बाकीचं जमिनीवर ठरतं. केबल गवतात पुरली की कोणीतरी तंबूची खुंटी नेमकी तिच्यात ठोकतो, म्हणून आम्ही ती एक तर पायवाटेच्या कडेने पाइपातून नेतो किंवा बांबूवरून डोक्याच्या बऱ्याच वरून. केबलचा ड्रम असेल तर पूर्ण उलगडायचा. गुंडाळलेल्या केबलमधून लोड घेतला तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळतं. अंतराचाही हिशोब लागतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलवर १०० मीटर लांब १० अँपिअर नेले तर वाटेतच १५ व्होल्ट खर्ची पडतात. अर्थिंगला आमच्याकडचा मुरूम आणि कातळ फार त्रास देतो. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो, म्हणून हंगामाआधी टेस्टर लावून मोजतो आणि खड्ड्यात पाणी सोडत राहतो.

जनरेटरवाल्या साइटवर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. छोट्या पेट्रोल जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा अर्थला जोडलेलाच नसतो. अशा वेळी गळतीच्या करंटला परतीचा रस्ता मिळत नाही आणि पेटीत आरसीसीबी असूनही तो पडत नाही. मालक म्हणतो, ‘भाऊ, सेफ्टी लावलीय की.’ लावलेली असते, पण तिचा उपयोग नसतो. ही जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यायची. आणि जनरेटर तंबूंपासून लांब, वारा त्याचा धूर तंबूंपासून दूर नेईल अशा बाजूला ठेवायचा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

तंबूत वीज कशाला, निसर्गात जायचं तर निसर्गासारखं राहावं, असं आम्हाला पुष्कळ जण ऐकवतात. त्यांचा मान राखून सांगतो, वीज हवी असते ती बहुतेक वेळा मौजेसाठी नसते. एका कुटुंबातल्या आजोबांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होता. रात्री सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, लावल्याशिवाय त्यांना झोपता येत नसे, म्हणून दर सहलीला ते घरी राहायचे. त्यांच्या सुनेने फोन करून विचारलं, ‘दादा, रात्रभर लाईट जाणार नाही याची खात्री देता का?’ असं मशीन ह्युमिडिफायर बंद ठेवून साधारण ३० ते ४० वॅट घेतं, म्हणजे आठ तासांना तीनशे वॅट-अवरच्या आसपास. आम्ही त्यांच्या तंबूशी वेगळी बॅटरी ठेवली आणि लाईन गेली तरी मशीन चालू राहील अशी जोडणी करून दिली. सकाळी आजोबा काठावर चहा पीत बसले होते आणि नातवंडं त्यांना तुंग किल्ला दाखवत होती. तेव्हापासून आम्ही साइटमालकांना आग्रहाने सांगतो, बुकिंगच्या वेळीच विचारा: सीपॅप आहे का, लहान मुलाचं नेब्युलायझर आहे का, इन्सुलिन थंड ठेवायचं आहे का. अशा पाहुण्यांच्या बॅटरीचं भाडं आम्ही घेत नाही.

पंखा, दिवा, दोन फोन, एक लॅपटॉप हे सगळं मिळून शंभर-दीडशे वॅटच्या पुढे सहसा जात नाही. २ अँपिअरच्या एमसीबीवर साधारण साडेचारशे वॅट चालतात, म्हणजे ही सोय आरामात होते. किटली दीड हजार वॅटची, हेअर ड्रायर हजाराच्या वर, रूम हीटर दोन हजारांचा. ते लावले की एमसीबी पडतो आणि तो पडावाच. पॉलिस्टरच्या तंबूत, गाद्या-पांघरुणांमध्ये हीटर ही आगीला दिलेली हाक आहे. गरम पाणी आणि चहा स्वयंपाकाच्या शेडमध्ये मिळतो, तंबूत नाही.

थंडीत मावळात पारा १० अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा मागणी हीटरचीच येते. पण थंडी बोचते ती खालून. आमच्याकडे भाताचा पेंढा मुबलक. तो जाड अंथरायचा, वर ताडपत्री, त्यावर तंबू, आत फोमची गादी. सोबत गरम पाण्याची पिशवी दिली की पुष्कळ जण पहाटे पांघरूण बाजूला सारतात. शेकोटी बाहेर, आणि कोळशाची शेगडी तंबूत कधीही न्यायची नाही, विझत आलेली तर मुळीच नाही. थंडीतली दुसरी तक्रार म्हणजे तंबू गळतो. तो गळत नसतो. माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमून थेंब पडतात. वरची जाळी थोडी उघडी ठेवून छोटा पंखा मंद लावला की कापड बरंच कोरडं राहतं. पंखा उन्हाळ्यातच लागतो ही समजूत मी तरी सोडून दिली आहे.

भंडारदऱ्याचं काम वेगळ्याच कारणाने सुरू झालं. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत तिथे हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे चमकतात आणि ते पाहायला गर्दी लोटते. काजव्यांचं चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं. आपला झगझगीत दिवा मधे आला की ते बोलावणं पोहोचत नाही. तिथे आम्ही माळा लावत नाही, मालकाने कितीही पैसे देऊ केले तरी नाही. पायवाटेला गुडघ्याच्या खाली, जमिनीकडे तोंड केलेले मंद दिवे, तेही गरज असेल तिथेच. तंबूंना २३० व्होल्टची लाईनच नाही. १२ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या, त्यावर दिवा, पंखा आणि फोन चार्जिंग. शॉकची भीती जवळजवळ राहत नाही. शंभर अँपिअर-अवरची ही बॅटरी एका माणसाला उचलता येते. आधीच्या मोठ्या ट्युब्युलर (इन्व्हर्टरला लावतात तशा, ॲसिडच्या) बॅटऱ्या पन्नास किलोच्या पुढे असायच्या आणि चढावर न्यायला दोघं-तिघं लागायचे. मात्र १२ व्होल्ट लांब नेता येत नाहीत, वाटेतच विरतात, म्हणून बॅटरी तंबूंच्या मधोमध ठेवतो. सोलर पॅनल चांगल्या उन्हात भागवतात. आभाळ भरलं की बॅटऱ्या गावातून चार्ज करून आणतो.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं ठप्प झालं आणि मंडपाचंही काम गेलं. निर्बंध उठू लागले तसे लोक लॅपटॉप घेऊन काठावर राहायला येऊ लागले, आठवड्याच्या मधल्या वारीही. तेव्हा दिव्यांपेक्षा भरवशाच्या लाईनला किंमत आली आणि आमचं खरं काम वाढलं ते तिथून. आज आमच्याकडे गावातलीच आयटीआय झालेली मुलं आहेत. त्यांना पहिला धडा वळवाचा. ढग गडगडू लागले की पाहुण्यांना पक्क्या शेडमध्ये न्यायचं, मेन पाडायचा, प्लग काढायचे. गाणी चालू असोत, वाढदिवसाचा केक कापायचा राहिलेला असो, पाहुणे रागावले तरी चालतील.

आमच्याकडची साइट असो की दुसऱ्या कोणाची, तंबूत प्लग लावण्याआधी मालकाला पेटी उघडून आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबून दाखवायला सांगा. खटकन लाईन पडली तर निदान तो आरसीसीबी काम करतोय एवढं कळतं. नाही पडली तर त्या रात्री टॉर्चवर भागवा आणि फोन गाडीत चार्ज करा, पेटी आमची असली तरीही. आणि तसं झालं तर आम्हाला लगेच कळवा, रात्री कितीही वाजता.