कुलूपबंद माळा आणि वाळवी

कोथरूडमधला आमचा भाड्याचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे. बिल्डिंग तीसेक वर्षांची. दोन बेडरूम, छोटी गॅलरी आणि बेडरूममधला माळा कुलूपबंद. ‘आमचं थोडं सामान आहे वर, त्याला हात लावू नका,’ असं घरमालक काकांनी घर दाखवतानाच बजावलं होतं. पुण्यात भाड्याने राहिलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. भाडं अख्ख्या घराचं, वापर माळा वजा जाता.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे घोंघावले. सकाळी फरशीवर नुसते पंख. झाडून टाकले. हे किडे म्हणजे पंख फुटलेली वाळवीच, पण ते बाहेरूनही येतात, त्यामुळे तेवढ्यावरून काही कळत नाही. पण बंद कपाटाच्या खणातही पंख सापडले, तेव्हा तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती.

ती पेटली जुलैत. खालच्या खणातून मुलीची जुनी पुस्तकं काढायला गेले, तर गठ्ठा जागचा हलेना, मातीने चिकटून बसलेला. मागच्या फळीवर बोट दाबलं आणि ते सरळ आत गेलं. सनमायका तेवढा शाबूत, आतलं प्लायवूड कधीच फस्त.

काकांना फोन केला. ‘आम्ही राहत होतो तेव्हा कधी वाळवी नव्हती हो. घर फार बंद ठेवता का? आणि जरा मिस्टरांना फोन करायला सांगा.’ मिस्टरांनी केला. त्यांना सल्ला मिळाला, बाजारात स्प्रे मिळतो, मारून बघा. मारला. दोन दिवस सामसूम, मग चौकटीच्या दुसऱ्या अंगाने मातीची नवी रेघ, म्हणजे वाळवीची झाकलेली वाट. अशा फवाऱ्याने समोर दिसतात तेवढ्या मरतात आणि बाकीच्या वाट बदलतात. वारूळ भलतीकडेच सुखरूप असतं.

मला खरी धास्ती डिपॉझिटची होती. अ‍ॅग्रीमेंट काढून वाचलं. झीज सोडून बाकी नुकसान राहणाऱ्याने भरून द्यायचं, असं कलम होतं. वाळवी ही झीज की नुकसान? समोरच्या फ्लॅटमधल्या ताई वकिली करतात, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 14 आहे. घरमालक दुरुस्ती करत नसेल तर किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची, मग स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. मी खूश झाले. ‘पण ते भाडेकरूसाठी,’ ताई म्हणाल्या. ‘तुझं 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसता राहायचा परवाना. कागदोपत्री तू भाडेकरू नाहीसच. परस्पर भाडं कापायच्या भानगडीत पडू नकोस. सगळं लिहून कळव, फोटो ठेव.’

त्या दिवसापासून फोन बंद, सगळं लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर. कपाटाचे फोटो, तारीख, दोन ओळी. निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. एकदा ‘गणपतीनंतर बघू’ एवढं आलं.

ऑगस्टमध्ये कपाटावरची धूळ पुसायला स्टुलावर चढले, तर मातीची बोटभर जाड रेघ भिंतीवरून वर गेलेली दिसली. वर म्हणजे थेट माळ्याच्या दाराच्या फटीत. महिनाभर मी काकांना माझ्या पुस्तकांचं दुःख कळवत होते. आता फक्त त्या रेघेचा फोटो पाठवला, कुलपासकट. खाली लिहिलं, ‘काका, किल्ली तुमच्याकडे आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला काका आणि काकू दारात. काकूंना मी तोवर पाहिलंही नव्हतं. माळा उघडला. दिवाळी अंकांचे गठ्ठे, सागवानी पाट आणि काकूंच्या सासूबाईंचा चौरंग. चौरंगाचा एक पाय हातात आला. काकू काकांकडे बघून एवढंच म्हणाल्या, ‘महिनाभर सांगतेय ना ती?’

पुढचं भराभर झालं. पेस्ट कंट्रोलवाला आला आणि त्याने आधी भिंतीला हात लावला. ओल. बाथरूमचा आतला पाइप कपाटामागे झिरपत होता. ‘ही बंद करा, नाहीतर माझं औषध फुकट,’ म्हणाला. दोन दिवस प्लंबरची तोडफोड. मग भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे साधारण फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोकं, त्यांत इमिडाक्लोप्रिड हे वाळवीचं औषध, लिटरभर पाण्याला 2.1 मिली. या औषधाला वाळवी बुजत नाही, त्यावरून चालत जाते आणि इतरांपर्यंत पोचवते. भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली. मुलीला घेऊन आम्ही दोन रात्री वाकडला बहिणीकडे राहिलो.

पैशांवरून थोडं ताणलं गेलंच. पाइप आणि औषध काकांनी केलं, कपाटाचं अर्धं मी द्यावं म्हणाले. मी नाही म्हटलं. ओल भिंतीतली, भिंत त्यांची. शेवटी मागची फळी त्यांनी बदलली आणि मी हट्टाने एक मेसेज लिहून घेतला, ‘वाळवीचं नुकसान डिपॉझिटमधून कापणार नाही.’ हे मागताना संकोच वाटला, पण मागितलं.

वाळवीच्या तावडीतून वाचलेले दिवाळी अंक काकूंनी गॅलरीत ऊन दाखवून परत रचले. माळ्याला नवं कुलूप लागलं. त्याची एक किल्ली आता आमच्या फ्रिजवर असते.