तुम्ही विचारलंत म्हणून: इतकं आखून गेल्यावर मजा कसली?

हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात, आणि ज्यांच्यासाठी मी सगळं आखते ते घरचेही विचारतात. सुट्टीत मुलांना घेऊन थीम पार्कला जायचं, तर हातात वेळापत्रक कशाला? पाय नेतील तिकडे जावं, दिसेल त्या राइडमध्ये बसावं. "तुला स्वतःला तरी मजा येते का गं त्यात?" हे विचारताना समोरच्याच्या आवाजात काळजी असते, आणि मला तीच जास्त लागते. म्हणून एकदा नीट सांगते.

येते. आणि ती निघायच्या कितीतरी आधीपासून येते. रात्री सगळे झोपल्यावर पार्कचा नकाशा उघडून बसायचं, कोणती राइड कुठल्या कोपऱ्यात आहे, तिथून पुढची किती लांब, मध्ये सावली कुठे, बसायला जागा कुठे, हे बघत राहायचं. दोन राइडमधलं अंतर धाकट्याच्या पावलांनी किती पडेल आणि सासूबाईंच्या पावलांनी किती, याचा अंदाज बांधायचा. मला हे काम वाटत नाही. या सगळ्यांबरोबर मी तो दिवस आधीच एकदा जगून घेते. नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांचा एक अभ्यास झाला होता, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसं, न जाणाऱ्यांपेक्षा, निघण्याआधी जास्त आनंदी होती. परत आल्यावर मात्र दोघांत फारसा फरक उरला नव्हता. मी हा अभ्यास वर्षानुवर्षं सगळ्यांच्या तोंडावर मारत आले. खरं सांगायचं तर त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि नवरा ती विसरू देत नाही: ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती, त्यांचाच आनंद परतल्यावर काही दिवस टिकला. आमच्या सुट्टीला निवांत म्हणता येणार नाही, हे मला मान्य आहे. शिवाय तो अभ्यास वाट बघण्याच्या आनंदाबद्दल आहे. तासातासाच्या आखणीबद्दल त्यात काही नाही.

पूर्वी मी याच प्रश्नाला आकड्यांत उत्तर द्यायचे. दुपारपर्यंत आमच्या किती राइड झाल्या आणि न आखता आलेल्यांच्या किती. पार्क उघडायच्या आधी दारात हजर राहायचं, ज्या राइडची रांग दिवसभर सर्वांत लांब असते ती पहिल्या तासात उरकायची. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये त्यांच्याच हॉटेलात उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. त्या अर्ध्या तासात जे होतं त्याला दुपारी दोन-दोन तास लागू शकतात. हे सगळं खरं आहे आणि आजही मी तसंच करते. पण उत्तर म्हणून ते चुकीचं होतं, असं आता वाटतं. ऐकणाऱ्याला वाटायचं की मला राइडची संख्या वाढवायची आहे. कदाचित तेव्हाच्या मलाही तसंच वाटत असेल. तिला आज भेटले तर विचारेन: बाई, इतक्या राइड कुणासाठी मोजतेस? ती बहुधा म्हणेल, मुलांसाठी. आणि ते काही अगदीच खोटं नसेल.

आता न आखण्याबद्दल. माझे धाकटे दीर या पक्षाचे. भाऊजींबरोबर असलं की कुठेही हसू येतं, मुलं त्यांना चिकटलेली असतात, आणि हे मी मनापासून सांगते आहे. पण "बघू जाऊन" म्हणणारा माणूस पार्कात शिरतो तेव्हा तोही कुणीतरी आखलेल्या वाटेवरच चालत असतो. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हापासून त्याची रचना अशी की आत आल्यावर एकच सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला किल्ला. कुणी न सांगता माणसं किल्ल्याकडे चालू लागावीत म्हणून वॉल्ट डिस्नेने तो मुद्दाम तिथे ठेवला. तिथून पुढे वाटा फुटतात. आपल्याला सहज वाटलेलं वळण कुणाच्या तरी टेबलावर आधी काढलेलं असतं. शिवाय "बघू जाऊन" म्हणायची सोयही कमीच झाली आहे. १९९९ साली फास्टपास, म्हणजे ठरलेल्या वेळी छोट्या रांगेतून राइडला जायची सोय, आली तेव्हा पार्कात गेल्यावर मशीनमधून फुकट चिठ्ठी घ्यायची, इतकंच होतं. पुढे डिस्ने वर्ल्डमध्ये ते हॉटेलातल्या पाहुण्यांना ६० दिवस आधी मोबाइलवरून ठरवता येऊ लागलं. २०२१ मध्ये ती सोय बंद होऊन पैसे भरून घ्यायची व्यवस्था आली. २०२४ पासून छोट्या रांगेच्या वेळा हॉटेलातले पाहुणे सात दिवस आधी आणि बाकीचे तीन दिवस आधी घेतात. जेवणाच्या टेबलाचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. हे नियम मी केलेले नाहीत. ते आवडतात असंही नाही. पण ते आहेत, आणि घरातल्या कुणीतरी ते वाचायला हवेत.

आता तो दिवस सांगते. तो सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही.

जुलै महिना, फ्लोरिडातलं ऑर्लँडो, डिस्ने वर्ल्डजवळचं शहर. आम्ही चौघं, भाऊजी-जाऊबाई आणि त्यांचा मुलगा, आणि सासूबाई. आदल्या रात्री भाऊजी म्हणाले, "वहिनी, उद्या एक दिवस तो कागद खोलीवरच राहू द्या." नवरा काही बोलला नाही, म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी हो म्हटलं. तोंडदेखलं नव्हे, मलाही बघायचं होतं.

सकाळी सगळे हवं तेव्हा उठले. पार्कात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि रांगा भरल्या होत्या. मुलांना समोर एक राइड दिसली, तिकडे गेलो. मग माझ्या मुलीला आठवलं की दुसऱ्या टोकाला काहीतरी आहे, म्हणून तिकडे. मग पुतण्याला पुन्हा पहिल्याच भागातलं काहीतरी हवं होतं. पहिला तासभर सासूबाई आमच्याबरोबर चालल्या. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखायचे, पण त्या कधी तसं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "अगं, जा तुम्ही, मी बसते इथे. मला माणसं बघायला आवडतं." एका झाडाखाली बाक होता. पाण्याच्या बाटल्या, मुलांची जाकिटं, सगळ्यांच्या पिशव्या त्यांच्याजवळ ठेवल्या आणि "अर्ध्या तासात येतो" असं सांगून आम्ही गेलो.

अर्ध्या तासात आलो नाही. रांग वाटली त्यापेक्षा लांब निघाली. ती संपली तर शेजारीच मुलांना आणखी काही दिसलं. मी दोनदा म्हटलं की आई एकट्या आहेत. दोन्ही वेळा कुणीतरी म्हणालं, हे एवढं झालं की जाऊ. मग आभाळ भरून आलं. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी हे होतंच. दोन्ही किनाऱ्यांवरून आलेले वारे जमिनीवर एकमेकांना भिडतात, तापलेली दमट हवा वर चढते, आणि तासाभरात गडगडाट सुरू. हे मला माहीत होतं. माझ्या कागदावर दुपारी एक ते चार खोलीवर आराम लिहिलेलं असायचं, ते त्यासाठीच. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद करतात. सगळी माणसं एकदम छपरांखाली धावली. आम्ही पार्कच्या एका टोकाला, सासूबाई दुसऱ्या. त्यांच्या फोनला तिथे रेंज नव्हती.

मी भिजत निघाले तेव्हा नवरा म्हणाला, थांब, पाऊस कमी होऊ दे, त्या काही लहान नाहीत. मी थांबले नाही. बाकावर कुणी नव्हतं. शेजारच्या दुकानाच्या दारात गर्दी होती, आणि त्या गर्दीत एका कडेला त्या उभ्या होत्या. आत बसायला जागाच नव्हती. सगळ्या पिशव्या दोन्ही खांद्यांना लावलेल्या, आणि मुलांची जाकिटं पोटाशी धरलेली, भिजू नयेत म्हणून. किती वेळ उभ्या होत्या ते मी विचारलं नाही. मला बघून म्हणाल्या, "मुलं भिजली नाहीत ना?" पिशव्या घेतल्या तर खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठले होते. दुसऱ्या दिवशी त्या खोलीवरच राहिल्या. थोडी झोप काढते, म्हणाल्या.

यात दोष कुणाचा? भाऊजींचा नाही, मुलांचा नाही. कुणीच वाईट वागलं नव्हतं. प्रत्येक जण फक्त पुढचं दिसेल तिकडे जात होता. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचे पाय मजबूत आहेत त्याला ठरवून जायची गरज पडत नाही. ऐन वेळी बदललेल्या बेताचा भार ज्याचे पाय दुखतात, ज्याला झोप आली आहे, ज्याला शौचालय जवळ लागतं, त्याच्यावर पडतो. आणि हीच माणसं तोंड उघडत नाहीत. बेत कागदावर असला तर त्यांना काही मागावं लागत नाही. त्यांच्यासाठी बाक आधीच ठरलेला असतो, परतीची वेळ ठरलेली असते.

पुतण्याचंच उदाहरण घ्या. डिस्ने वर्ल्डमधल्या स्पेस माउंटन या राइडला उंची ४४ इंच लागते, ट्रॉन या राइडला ४८. जो बूट घालून जाणार तो घालून मी मुलांना घरीच भिंतीपाशी उभं करते. ट्रॉनला तो पुरणार नाही हे त्याला घरी कळलं, घरीच रडून झालं, आणि त्या वेळात आपण काय करायचं ते त्यानेच निवडलं. रांगेच्या तोंडाशी, सगळ्यांसमोर, मोजपट्टीखाली उभं राहून हे कळणं वेगळं. मोठ्यांनी आळीपाळीने बसायची सोय बहुतेक मोठ्या पार्कांत असते: एक जण लहान मुलाबरोबर थांबतो, पहिला परत आला की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. हे माहीत नसलं की आईच बाहेर थांबते. मी कित्येक आया अशा थांबलेल्या बघितल्या आहेत.

इथवर मी बरोबर आहे असं मला वाटतं. पुढचं सांगायला जड जातं.

त्याच पावसात, मी सासूबाईंना शोधत होते तेव्हा, भाऊजींनी मुलांना छपराखालून बाहेर काढलं. विजा लांब गेल्या होत्या, पाऊस धो धो होता. रिकाम्या रस्त्यावर ती तिघं आणि भाऊजी डबक्यांत उड्या मारत होते. मग आतल्या एका राइडला कुणीच नव्हतं, म्हणून ओल्या कपड्यांनी ते त्यात पुन्हा पुन्हा बसले. माझ्या मुलीला आज कुणीही विचारलं की त्या सहलीतलं काय आठवतं, तर ती हेच सांगते. मी महिनोन् महिने जुळवलेली एकही सकाळ तिला तितकी आठवत नाही. नवरा हे ऐकताना माझ्याकडे बघत नाही, आणि मी त्याच्याकडे.

मी मुलीला एकदा म्हटलं, त्याच वेळी आजी दुकानाच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "मग ते मला का सांगतेस? मला ते आठवतं तेव्हा आनंद होतो, तो आता काढून घ्यायचाय का तुला?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. आणि सासूबाई स्वतः सगळ्यांना सांगतात की ती सहल फार छान झाली. ते खरं आहे, की जाकिटं पोटाशी धरतात तसंच त्या आम्हालाही सांभाळून घेतात, हे मी त्यांना विचारू शकत नाही. विचारलं तर त्या छान झाली असंच म्हणणार.

२०१६ साली गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकोच या दोघींनी १३ प्रयोगांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. करमणुकीच्या गोष्टीला घड्याळाची नेमकी वेळ बांधली की ती काम वाटू लागते आणि तिची मजा कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष. एका प्रयोगात परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना फुकट कॉफी होती. ठरावीक वेळेला या असं सांगितलेल्यांना ती कमी आवडली, दोन तासांत कधीही या असं सांगितलेल्यांना जास्त. मुलीनेच मला हे पाठवलं. मी वाचलं आणि आधी चिडले. एकट्याने कॉफी प्यायला जाणं आणि आठ जणांची तीन पिढ्यांची मोट बांधून पार्कात नेणं एक नाही. कॉफीचा पेला घ्यायला गेलेल्या माणसाचं म्हातारं माणूस मागे राहत नाही. पण सैलसर वेळेचा मुद्दा मनात राहिला. आता मी "१०.४० ला अमुक" असं लिहीत नाही, "सकाळी, ऊन चढायच्या आत" असं लिहिते. आरक्षणाच्या वेळा तेवढ्या पक्क्या असतात, त्याला इलाज नाही. या बदलाने माझी मजा वाढली का? नाही. मला १०.४० लिहायला आवडायचं. बाकीच्यांची वाढली असेल.

पुढच्या सहलीसाठी मुलीची अट आहे की एक दिवस पूर्ण कोरा हवा, आणि मी ती मान्य केली आहे. सासूबाई येणार आहेत. त्या दिवशी त्यांच्याबरोबर आळीपाळीने कुणीतरी राहायचं, ही माझी अट. भाऊजींनी पहिली पाळी स्वतःहून घेतली. तो दिवस कोणता, यावर मात्र आमचं अडलं आहे. मुलगी म्हणते पहिलाच, कारण नंतर सगळे दमलेले असतात आणि दमलेल्या माणसाला काही सुचत नाही. मी म्हणते शेवटचा, म्हणजे ज्याला जे बघायचंच होतं ते तोवर बघून झालेलं असेल. दोघींनाही आपापलं पटलेलं आहे, आणि तिकिटं अजून काढायची आहेत.